दहा विरुद्ध दोन

दहा हात वर झाले आणि वेड अर्सनोने मोजणं थांबवलं.

"झालं की," तो म्हणाला. "दोषी." समोरच्या कागदावर त्याने वेळ लिहिली. बारा जणांची ज्युरी या खोलीत येऊन बसल्याला एकोणीस मिनिटं झाली होती.

दोघांचे हात खाली होते. एक लूआंग, कोळंबीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. दुसरी वर्लीन बतीस्त. तिने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. बारा जणांत काळी ती एकटीच, आणि आरोपीही काळा.

"मला बोलायचंय," वर्लीन म्हणाली.

"बोला ना, वर्लीनबाई." वेड ज्युरीचा प्रमुख होता, गावात त्याचं गवत कापायच्या यंत्रांचं दुकान होतं. "जेवण यायचंय अजून. तोवर वेळच वेळ आहे."

वर्लीन उभी राहून बोलली. टायरिल सेलेस्टीनने पेट्रोल पंपावरच्या माणसाला गोळी घातली, असं सांगणारा साक्षीदार एकच होता. पावाची गाडी चालवणारा. सकाळी साडेसातला पंपातून पळत सुटलेल्या पोराचा चेहरा त्याने गाडीतून स्पष्ट पाहिला होता म्हणे.

"त्याच रस्त्याने, त्याच वेळेला मी बावीस वर्षं बस नेलीय," ती म्हणाली. "ऑक्टोबरात तिथलं वळण घेतलं की ऊन सरळ काचेत येतं. रस्त्याकडेला उभी असलेली माझी रोजची पोरं मला ओळखू यायची नाहीत. बसमध्ये चढली की कळायचं कोण आहे ते. या माणसाने तर टायरिलला आधी कधी पाहिलेलंही नव्हतं."

दारावर टकटक झाली. शिपायाने जेवणाच्या पिशव्या आत दिल्या. तळलेल्या कोळंबीचा वास खोलीभर पसरला.

"तिखट सॉस बघा हो त्या पिशवीत," कुणीतरी म्हणालं.

टेक्सासहून नुकतीच राहायला आलेली एक बाई पावाभोवतीचा कागद सोडता सोडता थांबली. तिनेही मघाशी हात वर केला होता. "पण सगळ्यांचं एकमत नको का? आमच्याकडे बाराच्या बारा लागतात."

"तुमच्याकडे लागत असतील. आपण लुईझियानात आहोत, इथे दहा पुरतात. न्यायाधीशांनी सांगितलं तेव्हा झोपल्या होतात का?" वेड म्हणाला.

"म्हणजे या दोघांचं ऐकायचंच नाही?"

"ऐकतोय की! खाता खाता ऐकतोय."

सगळे हसले. ती बाईही हसली, आणि तिने पाव उघडून आतली काकडी बाजूला काढली.

"त्या वळणाचा फोटो कोर्टात दाखवला होता," लूआंग म्हणाला. "तो मागवू या. एकदा बघायला काय जातंय?"

"फोटो मागवला की न्यायाधीश येणार, दोन्ही वकील येणार. चार वाजतील. कशासाठी?" वेडने बोटं पुसली. तो चिडला नव्हता, त्याचा आवाज गोडच होता. "हे बघा, तुम्ही दोघं हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मला दोन्ही चालतं. मला तुमची गरजच नाही." त्याने बटाट्याच्या कापांचा पुडा वर्लीनपुढे सरकवला. "घ्या. निवतील."

"पोरगं एकोणीस वर्षांचं आहे," वर्लीन म्हणाली. "मरेपर्यंत आत राहील."

"शिक्षा आपला विषय नाही, बाई."

ती अजून उभीच होती. बाकीचे आता मासेमारीचं बोलत होते. थोड्या वेळाने ती खाली बसली.

कोर्टात निकाल वाचून झाल्यावर टायरिलच्या वकिलाने एकेकाचं मत विचारायची मागणी केली. न्यायाधीशांनी प्रत्येकाला चिठ्ठी दिली. हा निकाल तुमचा आहे का, हो किंवा नाही. वर्लीनने 'नाही' लिहिलं, पेन इतकं दाबून की कागद फाटला. न्यायाधीशांनी चिठ्ठ्या मोजल्या, पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं.

"दहा विरुद्ध दोन," ते म्हणाले. "निकाल कायदेशीर आहे. पाकीट बंद राहील."

टायरिल मागे वळून आईकडे बघेल असं वर्लीनला वाटलं होतं. तो ज्युरीकडे बघत होता. पहिल्या रांगेतला एकेक चेहरा, मग दुसऱ्या रांगेतला. त्यातले दोघं कोण, ते तो शोधत होता. त्याची नजर वर्लीनवर आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. मग पोलिसांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

बाहेर पायऱ्यांच्या तळाशी त्याची आई, आयोला सेलेस्टीन, उभी होती. रडत नव्हती, कुणाला शिव्याही देत नव्हती. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. रस्त्यापलीकडे वेड आपल्या गाडीत बसत होता. जाताना त्याने आयोलाकडे बघून हॅट उचलली.

वर्लीन तिच्यापाशी गेली.

"ताई, मी 'नाही' लिहिलं. त्या दोघांतली एक मी. देवाशपथ."

आयोलाने तिला नीट न्याहाळलं.

"असं सांगणाऱ्या तुम्ही पाचव्या," ती म्हणाली.

मग ती वर्लीनच्या खांद्यावरून मागे बघू लागली. डोक्यावरची टोपी काढून हातात घेत लूआंग पायऱ्या उतरत होता.