बारावी विहीर

अकरा विहिरी जुळल्या, बारावी काही जुळेना.

गोरोबाच्या ओट्यावर नकाशा पसरून श्रिया सकाळपासून बसली होती. विद्यापीठातून आलेली, जमिनीच्या पोटातले थर शोधणारी पोरगी. वाशी गावाच्या आसपासच्या निम्म्या विहिरी गोरोबानं खोदलेल्या, म्हणून कुणीतरी तिला इकडं धाडलं होतं. म्हातारा सत्तरीचा, पण डोकं शाबूत. कुठल्या विहिरीत किती परसावर मुरूम संपला, कुठं फत्तर लागला, कुठं तांबडी माती, सगळं तोंडपाठ. एक परस म्हणजे एका माणसाची उंची. ती त्याचे फूट करून नकाशावर मांडत होती.

"बघा काका," ती म्हणाली, "इथं आधी एक लाव्हा आला नि थिजला. मग हजारो वर्षं काही नाही. वरचा दगड कुजून माती झाली. तेवढ्यात दुसरा लाव्हा आला नि त्यानं ती माती भाजून काढली. तोच तुमचा तांबडा पट्टा. अख्ख्या माळाखालून एका पातळीत गेलाय. फक्त माळावरच्या त्या बुजवलेल्या विहिरीत नाही. नक्की नव्हता?"

"न्हाय. आठ परस निव्वळ काळा फत्तर."

हेच उत्तर गोरोबा नऊ वर्षं देत आला होता. त्या विहिरीत त्याचा पोरगा गेला, रामहरी. पिऊन उतरला, माणूस खाली सोडायच्या यारीच्या बादलीतून तोल गेला, असं गोरोबानं पोलिसांना सांगितलं, गावाला सांगितलं, सुनेलाही सांगितलं. त्या दिवशी विहिरीवर बापलेक दोघंच, तेव्हा विचारायचं कुणाला? मालकानं विहीर बुजवून टाकली. चाळीस वर्षांत गोरोबाच्या चुकीनं माणूस मेला नाही, ही त्याची ख्याती तेवढी शाबूत राहिली. आणि रामहरीची बायको शिवकन्या सासऱ्याच्या भाकरी थापत, दारुड्याची बायको म्हणून चार बायकांत मान खाली घालून जगत राहिली.

ती आता चहा घेऊन आली नि दारातच थांबली.

"मग एकच अर्थ निघतो," श्रिया म्हणाली. "इथं कधीतरी जमीन तुटलीय. तेवढा माळ खाली खचला, म्हणून पट्टा खोल गेला. काका, ही तुटीची रेघ आजवर कुणाच्याच नकाशात नाही!" एवढा आनंद झाला होता बिचारीला की विचारू नका. तिला कुठं ठाऊक होतं आपण कशावर रेघ मारतोय ते. "नाहीतर मग तुमच्या आठवणीत काहीतरी चुकतंय."

"तुटली आसंल," गोरोबा घाईनं म्हणाला. "जमीनच तुटली आसंल. मारा रेघ."

श्रियानं पट्टी लावली.

"मारू नका," शिवकन्या म्हणाली. "तिथं तांबडी माती हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" गोरोबा खेकसला. "आत जा."

ती गेली नाही. कपबशी तिनं नकाशाच्या कडेला ठेवली.

"त्या दिशीचा ह्यांच्या अंगावरचा सदरा म्या धुतला. तीन पाण्यांतनं तांबडं निघत व्हतं. म्या म्हनलं, रगात आसंल. पर रगात वाळलं की काळं पडतंय, मामा. सदरा आजून पेटीत हाय. तांबडाच हाय."

विहिरी खोदणाऱ्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. तांबडी माती लागली की माणूस खाली सोडायचा नाही. ती ठिसूळ, वरचा फत्तर कधी खाली बसेल नेम नाही. आधी कडेनं दगडी बांधकाम करून घ्यायचं, मग पुढचं काम. त्यात आठ-दहा दिवस मोडतात, एवढंच.

"नऊ वर्सं इचारायचं धाडस झालं न्हाय," शिवकन्या म्हणाली. "आज मॅडमनी इचारलंय, तर सांगा. किती परसावर लागली?"

गोरोबा नकाशाकडं बघत होता. सुनेकडं बघायची त्याची हिंमत नव्हती.

"सव्वासहा," तो म्हणाला.

श्रियानं सवयीनं आकडा मांडला. जुळला. बाराही विहिरी एका पातळीत आल्या. "अगदी बरोबर!" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"म्याच उतरवला त्याला," गोरोबा म्हणाला. "त्यो नगं म्हनत व्हता. पिला न्हवता त्यो."

शिवकन्येनं श्रियाच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकवली.

"हे बी लिवा, मॅडम."