भुंग्या

ताईने बोलायला तोंड उघडलं, की भाऊ कुठेतरी बोट दाखवायचा.

"ते बघ, ते घड्याळ. अख्ख्या शहरात एवढं मोठं दुसरं नाही."

ताई मान मागे टाकून, हातातली पिशवी सावरत घड्याळ नीट बघायची. "छान आहे," म्हणायची आणि परत त्याच्याकडे वळायची. तोवर तो पुढच्या चौकात पोचलेला असायचा.

सकाळी स्टेशनवर तिला उतरवून घेतल्यापासून हेच चाललं होतं. चष्म्याच्या दुकानातून त्याने सुट्टी काढली होती आणि दिवसाचा बेत असा ठासून भरला होता, की दोघांना धड टेकायला मिळू नये. संग्रहालय झालं. तिथे एका राणीच्या चित्रासमोर ताई बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हिची बाही खांद्यात ओढतेय रे. शिंप्याने घाई केलीय." ती स्वतः घरी लोकांचे कपडे शिवायची. भाऊ जरा जास्तच हसला. तेवढाच वेळ गेला. मग नदीवरचा पूल झाला, होडी झाली, फुलांचा बाजार झाला. बाजारात ती खरोखर रमली. एका दुकानदाराशी मातीबद्दल, पाण्याबद्दल बोलत बसली, आणि भावाला वाटलं, दिवस निभावला बहुतेक.

ती कशाला आलीय ते त्याला ठाऊक होतं. वडिलांना सोडून ताई कधी घराबाहेर पडायची नाही. आज शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून आली, म्हणजे त्याला न्यायलाच आली. बाबांना हल्ली माणसं नीट आठवत नाहीत, हे ती फोनवर कधीपासून सांगत होती. 'येतो, सवड काढून येतो,' असं तो दर वेळी म्हणायचा. फोनवर ते सोपं होतं. आज समोरासमोर सांगावं लागणार होतं.

ऊन उतरलं तेव्हा उंच इमारतीवरचा सज्जा तेवढा उरला. लिफ्टमध्ये ताईच्या कानात दडे बसले. वर गेल्यावर काचेपलीकडे सगळं शहर पसरलेलं. भाऊ लगेच सुरू झाला.

"ती हिरवी गच्ची दिसतेय ना, तिच्या डावीकडे..."

"भुंग्या," ताई म्हणाली, "बस जरा."

लहानपणी एका जागी ठरायचा नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. चाळिशी उलटलेल्या माणसाला त्या नावाने हाक मारणारं या शहरात कोणी नव्हतं. तो तिच्याशेजारी बाकावर बसला, आणि तिने काही विचारायच्या आधीच बोलून गेला.

"ताई, मला इतक्यात नाही गं जमायचं. दुकानात भिंगं घासायला मी एकटाच आहे. मालक..."

"मी कुठे तुला ये म्हणतेय?"

त्याने वळून तिच्याकडे बघितलं.

"उलट हेच सांगायला आले, की आता तू जिवाला लावून घेऊ नकोस. फोनवर तुझा आवाज कसनुसा होतो, मला कळतं ते. बाबांचं बरं चाललंय. दर रविवारी न्हावी येतो घरी, त्यांची दाढी करायला. बाबा त्याला भुंग्या म्हणतात."

"न्हाव्याला?"

"हं. आधी तो बिचकला. आता ओ देतो. बाबा त्याला रागावतात, जेवलास का विचारतात, केस किती वाढवलेस म्हणतात. न्हाव्याला!" ताईला हसू आलं. "तो गेला की दिवसभर खुशीत असतात."

"आणि तू त्यांना सांगत नाहीस? तो मी नाही म्हणून?"

"सांगायचे आधी." ताई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "मग ते विचारायचे, तर माझा भुंग्या कुठाय? विचारतच राहायचे. मला उत्तर सुचायचं नाही. म्हणून सोडून दिलं."

कोणीतरी जोडपं फोटो काढायला आलं आणि त्यांना जरा सरकता का म्हणालं. भाऊ सरकला. त्यांचा फोटो होईपर्यंत तो तसाच अंग चोरून बसला. दिवसभर ज्याची धास्ती होती ते टळलं होतं. आता त्याला कोणी बोलावणार नव्हतं. सुटल्यासारखं वाटेल म्हणून त्याने वाट बघितली. तसं काही वाटेना.

"रविवारी त्याला येऊ नको म्हणून सांग," तो म्हणाला. "मी येतो. बाबांची दाढी मी करीन."

ताईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"नको," ती म्हणाली. "त्याला येऊ दे. त्याने आजवर एक खाडा केलेला नाही."

"मग मी?"

"तूही ये. बाबा हाक मारतील, तेव्हा कोण ओ देतं ते बघू."