मधाचा रंग

डोळ्यावरची पट्टी काढून दवाखान्यातून आले ते घड्याळजी घरात शिरलेच नाहीत, तडक परसातल्या खुराड्यापाशी गेले. रविवारी कोंबड्यांचं प्रदर्शन होतं. सहा वर्षांच्या खटपटीनंतर ते मधाच्या रंगाचा कोंबडा घेऊन जाणार होते, आणि नव्या डोळ्यानं पहिलं काय बघायचं हे त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावरच ठरवून टाकलं होतं.

सकाळ नुसती धुऊन वाळत घातल्यासारखी दिसत होती. भिंत पांढरी, आभाळ निळं, पत्र्यावरचा गंजसुद्धा ताजा. हे सगळं इतके दिवस कुठं होतं, असं घड्याळजींना वाटलं. मग त्यांनी खुराड्याची कडी काढली.

कोंबडा ऐटीत बाहेर आला. छाती रुंद, पाठ सपाट, शेपटी जिथं उचलायला हवी तिथंच उचललेली. बांध्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण रंग! रंग मधाचा नव्हताच. सायीसारखा होता, फिकट, पाणचट. मागोमाग कोंबड्या आल्या, त्याही एकजात तशाच.

“अगं ए, हा कुणाचा कोंबडा?”

“कुणाचा म्हणजे?” बायको दारातूनच म्हणाली. “तुमचाच. दुसरा कोण येऊन बसणार आहे आपल्या खुराड्यात?”

घड्याळजींनी नवा डोळा हातानं झाकला. डाव्या डोळ्यात अजून पिवळट मोतीबिंदू होता, त्याची पाळी पुढच्या महिन्यात. डाव्यानं बघितलं, तर परसभर मध. हात बदलला, तर साय. मध. साय. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. कोंबडा दोन जगांत ये-जा करत होता आणि दाणे मात्र एकाच जागचे टिपत होता.

तरुणपणी एका प्रदर्शनात त्यांनी मधाच्या रंगाची एक कोंबडी पाहिली होती. पिसाच्या टोकापासून बुडापर्यंत एकच रंग, कुठं ठिपका नाही, कुठं काळपट झाक नाही. ती त्यांच्या मनात जाऊन बसली ती उठलीच नाही. तोच रंग काढायचा म्हणून गेली सहा वर्षं दरवर्षी पिलं मोठी झाली की ते एकेक हातात घेऊन उन्हात धरायचे. मनातल्या कोंबडीशी जुळलं ते ठेवायचे, गडद वाटलं ते काढून टाकायचे. कोणता डोळा हा निवाडा करतोय, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“तुला दिसत होतं ना गं?”

“दिसत होतं की. पण मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही म्हणाल तो मध.” ती जवळ आली, पदरानं हात पुसत म्हणाली, “आणि किती खूश असायचात हो तुम्ही!”

घड्याळजींना राग आला, पण तो काढायचा कुणावर? कोंबडा तर बिचारा मान वाकडी करून त्यांच्याकडेच बघत होता.

“गडद म्हणून काढून टाकायचो, ती कुठं गेली सगळी?”

“कुठं जाणार? भिंतीपलीकडं. शिवणवालीला देत होतात ना दरवर्षी.”

भिंत छातीएवढीच होती. पलीकडे शिवणवाली पायरीवर बसून काजं करत होती. तिच्या भोवती, चिंध्यांच्या ढिगात, दहा-बारा कोंबड्या आणि एक कोंबडा उकरत होते. घड्याळजींनी डावा डोळा घट्ट मिटला. मध! टोकापासून बुडापर्यंत मध. उन्हात तो रंग इतका शांत होता, की कोंबड्या झोपेत चालत असाव्यात असं वाटावं.

“या काका! बरा झाला का डोळा?”

“जरा जास्तच बरा झाला,” घड्याळजी म्हणाले. “तो कोंबडा दे बघू इकडं.”

तिनं सुई चोळीला टोचली आणि कोंबडा उचलून भिंतीवरून त्यांच्या हातात दिला. बोटांना तो लगेच ओळखू आला. तीच छाती, तीच पाठ. मग बोटं खाली पायाकडे गेली, आणि तिथं काहीच नव्हतं.

प्रदर्शनाचं कडं पिलू लहान असतानाच पायात सरकवावं लागतं. पाय भरला की ते पुन्हा चढत नाही, आणि कड्यावाचून कोंबडा दारातूनच परत धाडतात. असला रंग आपल्या खुराड्यातला म्हणून कुणी ओळखू नये, यासाठी देण्याआधी घड्याळजी स्वतः प्रत्येकाचं कडं बारीक पक्कडीनं कापून टाकायचे. घड्याळं दुरुस्त करणारा कसबी हात. एकाही पायाला कधी ओरखडा उठला नव्हता.

“घेऊन जा की काका,” शिवणवाली म्हणाली. “तुमचाच आहे तो. आम्हाला मेलं अंड्यांशी काम. रंगाबिंगाकडं कोण बघतंय इथं!”

घड्याळजी कोंबड्याला छातीशी धरून उभे राहिले. म्हणजे जमलं होतं. एकदा नव्हे, सहाच्या सहा वर्षं जमलं होतं, आणि दरवर्षी त्यांनी ते स्वतःच्या हातानं या भिंतीवरून पलीकडं दिलं होतं. त्यांना हसू यायला लागलं, आवरेना. कोंबडा त्यांच्या हनुवटीखाली डोळे मिटून उबेला बसला होता, आणि त्याच्या मानेवरची पिसं एकेक करून ओली होत होती.

“अहो, काय हे!” मागून बायको म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय ना, त्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून?”