पहिल्या रांगेतले कोंडाजी

कावळा काही शिवेना. रामकुंडावर ऊन चढलं. कोंडाजींच्या दशक्रियेला आलेली साठ माणसं चुळबुळ करू लागली. पिंडाशेजारी ठेवलेला त्यांच्या आवडीचा बटाटेवडा पार गार झाला. कावळा समोरच्या कठड्यावर नुसता बसून होता. कोंडाजींचा मुलगा नाथा याने हात जोडून सगळं कबूल केलं. आईला सांभाळीन, बहिणीला अंतर देणार नाही. कावळ्याने मान फिरवली. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला.

“थांबा, गुरुजी,” कोंडाजींच्या पत्नी बयाबाई म्हणाल्या. मग मागे उभ्या असलेल्या लेखक शेखर देवऱ्यांकडे वळल्या. “साहेब, तुम्ही भाषण करा. तुमचं भाषण त्यांनी कधी चुकवलं नाय.”

हे खरं होतं. देवरे बोलायला लागले की दहाव्या मिनिटाला खुर्च्या रिकाम्या होत. ज्यांनी बोलावलं तेही फोन आल्याचं निमित्त करून सटकत. पण अकरा वर्षं वाचनालयाच्या पहिल्या रांगेत कोंडाजी बसलेले असत, थेट आभारप्रदर्शनापर्यंत. त्या एका माणसाच्या जिवावर देवरे स्वतःला वक्ता समजत होते. कोंडाजी गेल्याचं कळलं तेव्हा ते घरी चक्क रडले होते.

देवऱ्यांनी पुढे येऊन, कठड्याकडे पाठ करून घसा खाकरला आणि ‘कादंबरीतील कालभान’ हा विषय घेतला. आणि काय आश्चर्य, कोणी जागचं हललं नाही. साठ माणसं श्वास रोखून बघत होती, त्यांच्या खांद्यावरून कठड्याकडे का होईना. कावळ्यानेही मान कलती केली. देवरे फुलले. वीस मिनिटं झाली, पस्तीस झाली. साक्षात कोंडाजीच बसून ऐकताहेत असं त्यांना वाटू लागलं. शेवटी त्यांचा आवाज भरून आला.

“एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.”

कावळा झेपावला. पिंडाला चोच लावली आणि वडा घेऊन उडाला.

लोकांनी न राहवून टाळ्या वाजवल्या. देवऱ्यांनी डोळे पुसले. “बघितलंत वहिनी? शेवटचा शब्द ऐकल्याशिवाय हलले नाहीत.”

बयाबाईंनी कावळ्याला हात जोडले.

“कसे हलतील, साहेब? वाचनालयात बी भाषण संपल्याबिगर वडा देत नाय.”