बग्गीखान्याची फरशी

"आता बघा हं," वेन्ना म्हणाली आणि तिनं लाकडी घोड्यावरचा हात काढून घेतला.

टेगन घोड्यावर बसली होती. पावणेदोन वर्षांची. पाय दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकलेले. क्षणभर काहीच झालं नाही. मग घोड्याची चाकं फिरली. ओट्यापासून निघालेला घोडा निळसर विटांवरून खडखडत, जेवणाच्या टेबलाला घासून गेला आणि खोलीच्या मधोमध, मोरीच्या लोखंडी जाळीवर थांबला. टेगननं टाळ्या वाजवल्या.

"नऊ दिवस झाले, रोज करते," वेन्ना म्हणाली. "पायानं रेटते ती. आणि थांबते पण बरोबर त्या जाळीवरच. आवडते तिला."

"हुशार आहे," हिलरी म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट होती; दर पंधरवड्याला यायची.

"मग लिहा ना. आत्ताच लिहा."

सोमवारी ट्रूरोच्या इस्पितळात टेगनला भूल देऊन तपासणीसाठी मांडीतून स्नायूचा तुकडा काढणार होते. पाय आपले आपण हलतात असं हिलरीनं लिहून दिलं, तर डॉक्टर थांबायला तयार होते.

हिलरीनं पेन काढलं. पण तिची नजर टेबलाखाली गेली होती. टेबलाच्या दोन पायांखाली लाकडी पाचरी होत्या.

"ह्या कुणी लावल्या?"

"मीच. सूप बशीच्या एका कडेला जायचं."

हिलरीनं कोपऱ्यातला चेंडू उचलला, ओट्याशी नेऊन अलगद ठेवला. चेंडू निघाला. टेबलाला घासून गेला आणि घोड्याच्या चाकाशी थांबला.

"इथे बग्ग्या धुवायचे, पोरी," ती हळू म्हणाली. "माझे पणजोबा असल्याच एका बग्गीखान्यात कामाला होते. चिखलाचं पाणी मधल्या मोरीत जावं म्हणून चारही भिंतींकडून उतार. डोळ्याला कळत नाही."

"पेरननं, माझ्या नवऱ्यानं, गवंड्याला बजावलं होतं," वेन्ना म्हणाली, जणू तेच विचारलं होतं. "गवताच्या माळ्यावर झोपायची खोली करा, मोठ्या दारांना काचा लावा, पण फरशीला हात लावायचा नाही. त्याला फार कौतुक ह्या विटांचं."

"वेन्ना."

"ती पायानं रेटते. मी बघितलंय."

"बघितलं असशील. आपण तिला उलटं बसवू या का? ओट्याकडे तोंड करून?"

हिलरीनं घोडा फिरवला, जाळीपासून ओट्याच्या दिशेनं, उतारावर हातभर वर नेऊन धरला. वेन्ना ओट्याशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं केशर घातलेला गोड बन-पाव पुढे केला.

"ये गं सोन्या. ये माझी राणी."

टेगन हसली. तिनं दोन्ही हात आईकडे पसरले. हिलरीनं घोडा सोडला. तो मागे गेला, जाळीवर.

"दमलीय ती."

"हो."

"आणि बन सकाळीच खाल्लाय, म्हणून नकोय. परत करा ना. एकदाच."

हिलरीनं परत केलं. घोडा परत मागे गेला. टेगनला गंमत वाटली, ती खिदळली.

मग हिलरीनं पेनाला टोपण लावलं. "मी चहा ठेवते," ती म्हणाली. "चहा होईपर्यंत मी काही लिहीत नाही."

ती उठून शेगडीकडे गेली. वेन्नानं टेबल खांद्यानं उचललं आणि एक पाचर ओढून काढली. टेबल कललं. वरची सफरचंदं एकेक करून खाली पडली आणि जाळीच्या दिशेनं निघाली. तिनं तिकडे बघितलं नाही. टेगनसकट घोडा तिनं पुन्हा हातभर वर नेला आणि पाचर त्याच्या मागच्या चाकाला घट्ट लावली. आता तो मागे जाणार नव्हता. पुढे गेला, अगदी नखभर गेला, तरी चाक आणि पाचर यांच्यामध्ये फट पडली असती.

ती पालथी झोपली. गाल गार विटेवर टेकवला आणि चाकाकडे बघत राहिली.

"ये," ती पुटपुटली. "रेट गं."

किटली शिट्टी देऊ लागली. हिलरी शेगडीपाशीच उभी होती. तिनं ती उतरवली नाही.