तक्त्यावरची शेवटची ओळ

रेवतीच्या गुडघ्यांची सूज उतरली होती. डोळेही नितळ दिसत होते. तरी रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "असा रिपोर्ट आला की संधिवाताच्या मुलांचे डोळे आतून सुजायची भीती असते. लगेच दाखवा."

"तिला काहीच त्रास नाही. परीक्षा झाल्यावर बघू," रेवतीचे बाबा म्हणाले.

"मलाही नव्हता," सोबत आलेली आत्या म्हणाली. लहानपणी याच आजाराने तिचा उजवा डोळा गेला होता. तिने रेवतीचा हात धरला आणि बाहेर येऊन रिक्षा थांबवली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं. "सूज नुकतीच सुरू झालीय. वेळेवर आणलंत."

औषधं सुरू झाली. दिवाळीनंतर रेवतीने एकेक डोळा झाकून तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली.

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली. "मला ऐकायचंय."