शेंदराखालचा वीर

अंथुर्ण्याच्या वेशीवरच्या वीरगळावर बोटभर शेंदूर थापलेला होता. बारामतीच्या इतिहास मंडळाचा सचिव ज्ञानेश तो पटाशीनं खरवडू लागला.

"खरवडू नगा, दादा," रोज शेंदूर लावणाऱ्या ठमाबाई काकुळतीला आल्या.

"आजी, हा देव नाही, नुसता दगड आहे!" तो फणकारला.

शेंदराखाली उताणा पडलेला वीर निघाला. ज्ञानेशनं ठशासाठी ओला कागद दगडावर चोपला, वाळू दिला आणि सोलून काढला. घोडे उमटले, तलवारी उमटल्या. वीराची जागा तेवढी कोरी.

त्यानं दगडाकडं पाहिलं. तिथंही आता कुणी नव्हतं.

ठमाबाई घरात गेल्या. भर दुपारी सगळ्या आळीत कड्या लागत गेल्या.

ज्ञानेशनं मागं वळून पाहत ठमाबाईंचं दार बडवलं.

"दगडच व्हता न्हवं?" आतून आवाज आला. "मग आत कशापायी येताय?"